वैराचे वारस

फोन येतो, ‘अमका गेला.’ सांगणारा एवढं बोलून जरा थांबतो. गेलेला माणूस आणि आपण वीस वर्षं एकमेकांच्या दारात गेलेलो नसतो, बांधावरून कोर्ट चालू असतं, लग्नाच्या पत्रिका बंद झालेल्या असतात. हे सांगणाऱ्याला ठाऊक असतं, म्हणून आपण काय म्हणतो ते त्याला ऐकायचं असतं. मराठवाड्यात अशा वेळी पुढचा प्रश्न ठरलेला असतो: मातीला जायचं का?

‘मातीला जाणं’ हा शब्द आपल्याकडे सगळ्यांचा आहे. जळणाऱ्याच्याही मातीला जातात, पुरणाऱ्याच्याही. ख्रिस्ती घरांत तो जरा जास्त शब्दशः खरा होतो, कारण तिथे कबरीवर खरोखरच मूठभर माती टाकायची असते. त्या मुठीत काय घेऊन जायचं, हा या लेखाचा विषय.

‘मरणान्तानि वैराणि’ आपण सगळ्यांनी ऐकलेलं असतं. रावण पडल्यावर विभीषण त्याचे संस्कार करायला कचरतो, तेव्हा राम त्याला सांगतो की वैर मरणापर्यंतच असतं, आता तो जसा तुझा तसा माझाही. ही मोठी गोष्ट आहे, आणि ख्रिस्ती माणसानं ती हलक्यात घेऊ नये. प्रतापगडाच्या पायथ्याशी अफझलखानाची कबर आहे, तीही याच संस्काराची खूण म्हणून सांगितली जाते. पण प्रत्यक्षात वैर मरणाशी थांबतं का? खुलताबादला औरंगजेबाची साधी, वरून उघडी कबर आहे. तो १७०७ साली मेला. तीनशे वर्षं उलटून गेली तरी त्या कबरीवरून गावं तापतात. माणूस जातो आणि वैर मागे राहतं, फक्त एकतर्फी होतं. मग ते वारस शोधू लागतं.

मराठवाड्याला याचा एक जुना आणि कडू अनुभव आहे. १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय फौजा हैदराबाद संस्थानात शिरल्या आणि १७ सप्टेंबरला निजाम शरण आला. निजामाच्या बाजूच्या सशस्त्र रझाकारांनी केलेले जुलूम खरे होते. घरं जळाली होती, माणसं मारली गेली होती, आणि ‘रझाकार’ हा शब्द आजही आपल्याकडे शिवी म्हणून वापरला जातो. मुक्तीचा आनंद रास्तच होता. पण शत्रू पडल्यानंतरच्या आठवड्यांत जे झालं ते मुक्तिदिनाच्या भाषणांत येत नाही. सरकारनंच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीनं नंतरच्या हिंसेत मेलेल्यांचा अंदाज २७,००० ते ४०,००० असा दिला. त्यांत बहुसंख्य मुसलमान होते, आणि सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद आणि नांदेड होते. तो अहवाल कित्येक दशकं लोकांसमोर आला नाही. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी मात्र तुरुंगात राहिला, १९५७ साली सुटला आणि पाकिस्तानात निघून गेला. हिशेब ज्याच्याकडून घ्यायचा तो राहिला बाजूला, आणि वसुली झाली ती त्याच्या धर्माच्या विणकरांकडून नि शेतमजुरांकडून. वैर वारस असाच शोधतं, रक्ताचा नाही मिळाला तर नावाचा.

बायबलमध्ये या विषयावर सरळ उत्तर शोधायला गेलं तर आधी गोंधळ होतो, आणि तो लपवण्यात अर्थ नाही. निर्गमच्या पंधराव्या अध्यायात इस्राएली लोकांच्या मागे लागलेलं मिसरच्या राजाचं, फारोचं सैन्य समुद्रात बुडाल्यावर त्यांचा पुढारी मोशे गातो, त्याची बहीण मिर्याम डफ वाजवते. ५८वं स्तोत्र तर दुष्टाच्या रक्तात पाय धुण्याची भाषा करतं. यहुदी रब्बींनाही हे टोचलं असावं. त्यांच्या ताल्मुद या धर्मग्रंथात सांगितलंय की त्या रात्री देवदूत गाऊ लागले, तेव्हा देवानं त्यांना थांबवलं: माझ्या हातांनी घडवलेले समुद्रात बुडताहेत आणि तुम्ही गाता?

आणि दावीद, जो पुढे इस्राएलचा राजा झाला. या विषयावर त्याच्याइतकं शिकवणारा दुसरा कुणी नाही, कारण तो एकसारखा वागत नाही. शौल राजानं त्याच्यावर भाला फेकला, वर्षानुवर्षं रानोमाळ पळवलं. एन-गेदीच्या गुहेत शौल हातात सापडला, तेव्हा दाविदानं फक्त त्याच्या झग्याचा काठ कापला, आणि त्याचंही त्याला वाईट वाटलं. पुढे शौल लढाईत पडल्याची बातमी आली तेव्हा तो रडला, उपास केला आणि शोकगीत रचलं. त्या गीताचा रोख असा: हे गथात सांगू नका, अष्कलोनच्या रस्त्यांत जाहीर करू नका, शत्रूंच्या मुली आनंद करतील. आजच्या भाषेत, स्टेटसला ठेवू नका.

पण हाच दावीद नाबालाच्या वेळी वेगळा वागतो. नाबालानं अपमान केला म्हणून तो चारशे माणसं घेऊन निघाला होता. नाबालाची बायको अबीगईल दोनशे भाकरी आणि इतर शिधा गाढवांवर लादून वाटेत आडवी आली, म्हणून रक्तपात टळला. दहा दिवसांनी नाबाल मेला, आणि दावीद उघड म्हणाला, परमेश्वराला धन्यवाद, त्यानं माझा कैवार घेतला. तिसरी गोष्ट त्याच्या मरणाच्या वेळची. शिमी नावाच्या माणसानं एकदा त्याला दगड मारत शिव्या दिल्या होत्या. दाविदानं त्याला शपथेवर अभय दिलं. शेवटी अंथरुणावर मात्र मुलाला, शलमोनाला बोलावून सांगितलं, त्याचे पिकले केस रक्तानं माखून अधोलोकी पाठव. मुलानं तीन वर्षांनी ते केलं. शपथही मोडली नाही आणि वैरही सोडलं नाही. ‘मी असेपर्यंत काही करत नाही, पण पोरांनो, लक्षात ठेवा’ म्हणणारे म्हातारे आपल्या भावकीत कमी आहेत का?

नीतिसूत्रांच्या चोविसाव्या अध्यायातलं वचन सगळे सांगतात: शत्रू पडला तर आनंद करू नको. त्याच्या पुढची ओळ फारसं कुणी वाचत नाही. नाहीतर परमेश्वर ते पाहील, त्याला ते आवडणार नाही, आणि तो आपला क्रोध शत्रूवरून काढून घेईल. पहिल्यांदा वाचताना हे लबाडीचं वाटतं, म्हणजे त्याला आणखी मार बसावा म्हणून आपण गप्प राहायचं की काय? मला यातला जोर ‘पाहील’ या शब्दावर वाटतो. हसणारा माणूस न्यायाधीशाच्या खुर्चीवर जाऊन बसतो, आणि खुर्चीचा मालक ते बघत असतो. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली, तेव्हा येशूनं हेच सांगितलं. ते काही यरुशलेमातल्या सगळ्यांपेक्षा जास्त पापी नव्हते. म्हणून वैऱ्याला हार्टॲटॅक आला, अपघात झाला, कॅन्सर झाला की ‘देवानं दाखवलं’ म्हणणं हे भक्तीचं बोलणं नाही. देवाच्या नावावर आपली सही ठोकणं आहे. २ मे २०११ ला ओसामा बिन लादेन मारला गेल्याच्या बातमीनंतर व्हॅटिकनचे प्रवक्ते फादर फेदेरिको लोम्बार्दी यांनी काढलेलं निवेदनही याच वळणाचं होतं. त्या माणसानं पेरलेल्या द्वेषाची आणि मरणांची जबाबदारी त्यांनी नावानिशी सांगितली, आणि तरीही ख्रिस्ती माणूस कुणाच्या मरणाचा आनंद करत नाही असं म्हटलं. दोन्ही गोष्टी एकाच निवेदनात होत्या, हे मला महत्त्वाचं वाटतं.

आता करायचं काय, ते बघू.

फोन आल्यावर पहिला तासभर फोनलाच हात लावू नये. बातमी पुढे ढकलू नये, हसणारा किंवा सूचक असा एकही शब्द लिहू नये. प्रभूची प्रार्थना म्हणावी, आणि ‘जसे आम्ही आपल्या ऋण्यांना ऋण सोडले आहे’ इथे थांबावं. मराठी प्रार्थनेत हा शब्द ‘ऋण’ आहे, हे आपलं भाग्य. कर्ज म्हणजे काय ते मराठवाड्यातल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कर्ज फिटलं तरी सातबाऱ्याच्या इतर हक्कांत बोजा तसाच राहतो, हेही त्याला माहीत असतं. बँकेकडून बेबाकी दाखला आणायचा, तलाठ्याकडे द्यायचा, फेरफार व्हायचा, तेव्हा तो उतरतो. मनातल्या मनात माफ केलेल्या वैराचं असंच असतं. घरच्या पोरांना त्याचा दाखला मिळालेला नसतो, त्यांच्या लेखी बोजा चालूच असतो. म्हणून त्याच संध्याकाळी घरच्यांना बसवून स्पष्ट शब्दांत सांगावं की हे भांडण आता आपल्या घरात पुढे चालणार नाही. दाविदानं शलमोनाला जे सांगितलं त्याच्या नेमकं उलट.

मातीला जाण्याआधी मधल्या माणसाकरवी विचारून घ्यावं. दोन्ही घरांत उठबस असलेला एखादा सोयरा, पाळकसाहेब, फादर, नाहीतर गावातला जुना शिक्षक चालेल. ‘आलो तर चालेल का’ एवढंच विचारायचं. नको म्हणाले तर जाऊ नये आणि त्याचं वाईटही वाटून घेऊ नये. दुःखाच्या घरात आपल्या चांगुलपणाला जागा करून द्यायची जबाबदारी त्यांची नाही. हो म्हणाले तर मागे उभं राहावं. मोठा हार नको, फोटो तर नकोच.

मयत आपल्याच मंडळीतलं, म्हणजे चर्चमधलं असेल तर सगळ्यांत चांगलं काम कबर खोदण्याचं. लहान गावांत खोदणारा माणूस ठेवलेला नसतो, मंडळीतली पोरंच खोदतात. साडेसहा फूट लांब, अडीच फूट रुंद, पाच फूट खोल खड्ड्याला चार-पाच जण आलटून पालटून लागले तरी उन्हाळ्यात अर्धा दिवस जातो, कारण वरची काळी माती भेगाळून दगडासारखी झालेली असते आणि खाली मुरूम लागला की टिकावाशिवाय सुटका नाही. पावसाळ्यात उलट. काळी माती पाणी धरून फुगते आणि कड आत कोसळते. म्हणून काढलेली माती कडेपासून निदान दोन फूट लांब टाकावी, आणि शवपेटी येण्याआधी फार वेळ खड्डा उघडा ठेवू नये. हे काम बोलकं आहे पण त्यात बोलावं लागत नाही, हा त्याचा मोठा गुण. दोन तास एकाच खड्ड्यात पाळीपाळीनं उतरलेल्या माणसांना नंतर एकमेकांना रामराम किंवा जय ख्रिस्त म्हणणं सोपं जातं.

दुसरं काम जेवणाचं. ‘शत्रू भुकेला असेल तर त्याला खायला दे’ हे प्रेषित पौलानं रोमकरांना लिहिताना नीतिसूत्रांतून उचललंय. आपल्याकडे मयताच्या घरी चूल पेटत नाही, शेजारून पिठलं-भाकरी जाते. वीस माणसांसाठी किलोभर बेसनाचं पिठलं पुरतं. ते गार झाल्यावर घट्ट होतं, म्हणून नेताना नेहमीपेक्षा पातळ ठेवावं. भाकऱ्या चाळीस धराव्यात, त्याला चार ते पाच किलो ज्वारीचं पीठ लागतं. भांडी आपण परत मागायला जाऊ नये, ती आपसूक येतात. भांडं परत द्यायला आलेलं माणूस हे वीस वर्षांनी उघडलेलं दार असतं, त्याला चहा पाजावा.

इथे एक अडचण आहे आणि मराठवाड्यात ती टाळून लिहिता येत नाही. इथली बरीच ख्रिस्ती कुटुंबं दलित समाजातून आलेली. गेलेला माणूस सवर्ण असेल, तर आपल्या घरची भाकरी त्या घरात खाल्ली जाईलच असं नाही. मग भाकरीचा आग्रह धरू नये. शिजवलेलं नेण्याऐवजी पाण्याचे जार, मंडप, खुर्च्या, बाहेरगावहून येणाऱ्यांसाठी गाडी यांची सोय करावी. एप्रिल-मेमध्ये तर पाण्याएवढी मोठी मदत दुसरी नसते. तेही नाकारलं तर परत यावं. देऊ केलं होतं, तेवढं पुरे.

बोलायला सांगितलं तर दोन मिनिटं बोलावं आणि फक्त खरं बोलावं. त्यानं कोणतं काम चांगलं केलं, मागे कोण कोण आहे, त्यांच्यासाठी प्रार्थना. ज्याच्याशी आयुष्यभर पटलं नाही तो ‘देवमाणूस’ होता असं म्हणू नये, ऐकणाऱ्यांना हिशेब माहीत असतो. त्याहून मोठी चूक म्हणजे ‘मी त्यांना माफ केलंय’ असं सगळ्यांसमोर सांगणं. ऐकायला ते उदात्त वाटतं, पण त्यात आरोप असतो, आणि आरोपीला उत्तर देता येत नाही.

प्रार्थनेत पंथाप्रमाणे फरक पडतो. कॅथलिक माणूस मृताच्या आत्म्यासाठी प्रार्थना करू शकतो, त्याच्या नावानं मिस्सा, म्हणजे चर्चमधला उपासनाविधी, मागू शकतो. फादरकडे नाव आणि तारीख द्यायची, मागणाऱ्याचं नाव वाचलंच पाहिजे असं नाही, आणि वैऱ्याच्या बाबतीत ते वाचू नये असंच सांगावं. प्रोटेस्टंट मंडळ्यांत मृतासाठी प्रार्थना करत नाहीत. तो देवाच्या हाती गेला, आता घरच्यांसाठी मागायचं. तेव्हा ग्रुपवर ‘आत्म्यास शांती लाभो’ चिकटवण्यापेक्षा ‘देव कुटुंबाला धीर देवो’ एवढं लिहिलं तर दोन्हीकडे चालतं.

मातीचे विधी होतात, पाहुणे जातात, आणि मग खरी परीक्षा सुरू होते. वकिलाचा फोन येतो: समोरचा गेलाय, आता काय करायचं? फौजदारी खटल्यातला आरोपी मेला की त्याच्यापुरता खटला संपतो. जमिनीचा दिवाणी दावा संपत नाही. मृताचे वारस ९० दिवसांत रेकॉर्डवर घ्यावे लागतात, ज्याला कोर्टाच्या आवारात ‘वारस लावणं’ म्हणतात. मुदत चुकली तर त्याच्यापुरता दावा निकामी होतो, मग पुढच्या ६० दिवसांत तो पुन्हा उभा करण्यासाठी अर्ज, त्यालाही उशीर झाला तर उशिराचं कारण पटवून देणं. आता समजा दावा लावणारा तो होता आणि मेलाही तोच. बायकोला दावा कुठल्या कोर्टात आहे तेही माहीत नाही, मुलगा पुण्याला कंपनीत. आपण गप्प बसलो तर ९० दिवस आपोआप जातील. कायद्यानं आपल्याला त्यांच्या दारात जाऊन काही सांगायची सक्ती नाही.

निर्गमच्या तेविसाव्या अध्यायात यासाठी एक नियम आहे, तोही अगदी शेतकऱ्याच्या भाषेत. वैऱ्याचा बैल किंवा गाढव मोकाट फिरताना दिसलं तर ते त्याच्याकडे नेऊन पोचव. त्या विधवेचा दावा हा मोकाट सुटलेला बैल आहे. तिच्या वकिलाला किंवा मधल्या माणसाला तारीख, कोर्ट आणि दाव्याचा नंबर कळवावा. आपला हक्क सोडावा असं इथे कुणी म्हणत नाही. बांध आपला असेल तर तो आपलाच, पण तो पुराव्यावर जिंकावा, तिच्या अज्ञानावर जिंकू नये. तसंच सातबाऱ्यावरच्या वारस नोंदीचं. त्यासाठी तीन महिन्यांत तलाठ्याकडे अर्ज द्यायचा असतो, तो गाव नमुना ६-क मध्ये चढतो. तिथे विनाकारण हरकत घेऊन अडवून धरणं हा भावकीतला आवडता खेळ आहे, तो खेळू नये. आणि मिटवायचं असेल तर याच तीन महिन्यांत मिटवावं. लोकअदालतीत तडजोड झाली तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपील नसतं. जुना माणूस असताना जे मानापमानात अडकलेलं असतं ते नव्या पिढीत पुष्कळदा मोजणीच्या नकाशावर सुटतं. मोजणीची फी निम्मी-निम्मी भरायची तयारी आपणच आधी दाखवावी.

हे सगळं बरोबरीच्या वैराबद्दल झालं. सगळी वैरं बरोबरीची नसतात. रोज मारणारा नवरा मेला, वर्षानुवर्षं राबवून घेणारा सावकार मेला, वस्ती पेटवणाऱ्यांतला एक मेला, तर मागे राहिलेल्याला सुटल्यासारखं वाटणं हे पाप नाही. दम घेणं आणि हसणं यांत फरक आहे, आणि तो ज्याच्या छातीवरून ओझं उतरलं त्याला बरोबर कळतो. मराठवाड्यानं १९७८ च्या नामांतराच्या वेळी जळालेल्या वस्त्या पाहिल्यात. अशा ठिकाणी घर जळालेल्याला क्षमेचं प्रवचन द्यायला जाळणाऱ्याच्या बाजूचं कुणी उभं राहिलं, तर त्याला खाली बसवावं. क्षमा मागून मिळत नाही, आणि दुसऱ्याच्या वतीनं तर देताच येत नाही. अशा माणसासाठी स्तोत्रसंहितेत १०९ वं स्तोत्र ठेवलेलं आहे, भयंकर शापांनी भरलेलं. ते देवापुढे मोठ्यानं वाचावं, हवं तितक्या वेळा. शाप देवाच्या दारात टाकले की निदान ते रस्त्यावर जात नाहीत. या माणसानं मातीला जायची गरज नाही, पिठलं न्यायची तर अजिबात नाही. मंडळीनं त्याला न्यायला जाऊ नये. त्याच्याजवळ बसावं.

बाकीच्यांसाठी एक काम उरतं. काळ्या मातीतली कबर पहिल्या पावसात खचते. जूनच्या शेवटी बघितलं तर मधोमध वीतभर खड्डा पडलेला असतो आणि त्यात पाणी साचतं. चार-पाच घमेली मुरूम टाकून, पायानं दाबून, मधे थोडा उंचवटा ठेवला की पाणी बाजूला निघून जातं. घरचे शहरात असतील तर हे राहून जातं. कॅथलिक दफनभूमीत २ नोव्हेंबरच्या, म्हणजे मृतांच्या स्मरणदिनाच्या आधी लोक गवत काढायला, कबरी सारवायला येतात. कुदळ आणि घमेलं तेव्हा हाताशी असतंच.